गावच्या देवळाला धरून झाडं, पाणी, माती कशी सांभाळायची

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, माळशेजच्या अंगाला, आणि आम्ही पोटापाण्यासाठी कळव्यात. कळवा, ऐरोली, घणसोली, इकडे आमच्यासारखी कितीतरी घरं आहेत ज्यांचा एक पाय इथे आणि एक गावाला. प्रत्येक गावाचं इकडे एक मंडळ असतं, वर्गणी निघते आणि बहुतेक वेळा ती देवळाच्या जीर्णोद्धाराला जाते. आमच्या मंडळानेही काही वर्षांपूर्वी देवळाला नवीन फरशी, समोर पेव्हर ब्लॉक, पाराला सिमेंटचा गिलावा असं सगळं केलं, अगदी मनापासून केलं, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात पारावरच्या पिंपळाचा शेंडा वाळला. माझी आजी त्या वर्षी पारावर बसलीच नाही. "देवाला घर दिलंत आणि त्याचा पिंपळ मारलात" एवढंच म्हणाली. तेव्हापासून मी या कामात आहे, आणि जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितोय, म्हणजे तुमच्या मंडळाला आमच्यासारखं चुकत चुकत शिकावं लागणार नाही.

आधी एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गावात वृक्षारोपण काही कमी होत नाही, ५ जूनला रोपं येतात, फोटो निघतात, आणि दिवाळीपर्यंत बकऱ्या ती खाऊन टाकतात, कारण त्या रोपाला वाली कोणी नसतो. पण देवळाचा काकडा चुकत नाही, पालखी चुकत नाही, सप्ताह चुकत नाही. का चुकत नाही, तर त्याला तिथी ठरलेली असते, मानकरी ठरलेला असतो, आणि चुकलं तर म्हातारी माणसं चारचौघात बोलतात. म्हणून झाडाचं, पाण्याचं, खताचं जे काही काम काढाल त्याला एक तिथी आणि एक मानकरी लावा. नवीन कमिटी, नवीन बॅनर, नवीन नाव काही लागत नाही.

पहिलं काम: जुने नियम विचारून घ्या

गावाला जाऊन लगेच कुदळ हातात घेऊ नका. आधी एक जाड पुठ्ठ्याची वही घ्या आणि गुरव, भगत, गुरं चारणारे, गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बायका, ठाकर आणि कातकरी वाडीतली जाणती माणसं, यांच्याकडे बसा. प्रश्न साधे विचारा. देवाच्या रानात काय तोडायचं नाही? चप्पल कुठून काढायची? कुठल्या झऱ्यात धुणं चालत नाही? कुठल्या डोहातले मासे धरायचे नाहीत? कुठलं झाड कोणत्या देवाचं? हा नियम मोडल्यावर कोणाचं काय झालं? या शेवटच्या प्रश्नावर माणसं सगळ्यात जास्त बोलतात, आणि त्यातूनच राई नेमकी कुठपासून कुठपर्यंत होती ते कळतं.

देवराई हा शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहे, त्यामागे वनस्पतिशास्त्रज्ञ वि. द. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातल्या देवरायांवर केलेल्या कामाचा मोठा वाटा आहे. आमच्याकडे नुसतं "देवाचं रान" म्हणतात. रानातली काठीसुद्धा घरी न्यायची नाही हा तिथला नियम, कोकणात बऱ्याच गावांत झाड तोडायचं झालं तर आधी देवाला कौल लावतात. मला लहानपणी वाटायचं की सुकलेलं लाकूड उचललं तर काय बिघडतं, तसंही सडणारच ना. पण त्या सडण्यातच सगळं आहे. उभ्या वाळलेल्या आणि पडलेल्या खोडात वाळवी आणि भुंगेरे लागतात, त्यांच्यावर सुतार पक्षी येतो, उभ्या खोडात तो ढोली करतो, त्या ढोलीत पुढे पोपट, पिंगळा राहतो, खोडाची माती होते आणि ती पावसाचं पाणी धरून ठेवते. म्हाताऱ्यांनी यातलं काही समजावून सांगितलं नाही, "देवाचं आहे, हात लावू नको" एवढंच सांगितलं आणि रान टिकलं.

इथेच आमची एक मोठी चूक झाली ती सांगतो. एका वर्षी ठाण्याहून आम्ही पंचवीस-तीस जण स्वच्छता मोहीम म्हणून गेलो, आणि राईतला सगळा पालापाचोळा झाडून, ढीग करून पेटवला. रान चकाचक दिसलं आणि पावसात तिथली माती ओहोळातून लाल पाण्याबरोबर वाहून गेली. तर तुम्ही गेलात की फक्त प्लास्टिक, बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, जुन्या तसबिरींच्या काचा उचला. पाला जिथे पडलाय तिथेच राहू द्या.

दुसरं काम: कागद बघा

हे कंटाळवाणं आहे पण टाळू नका. देवराईची जमीन कोणाच्या नावावर आहे ते सातबाऱ्यावर बघा, ती देवस्थान इनाम, म्हणजे देवळासाठी दिलेली जमीन (कागदावर इनाम वर्ग ३) असू शकते, वनखात्याची असू शकते, गुरचरण असू शकते किंवा कोणाच्या खाजगी नावावरही निघते. वनखात्याची असेल तर आधी वनरक्षकाला भेटा आणि त्यांच्याशी बोलूनच काम करा. देवस्थान ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंद असते, मग ट्रस्टचा ठराव लागतो.

मग ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांना ग्रामसभा असते आणि मुंबईकर लोकांना त्यातल्या सुट्ट्या मिळतात, म्हणून आधीपासून सांगून विषय घ्यायला लावा: राईत तोड नाही, झऱ्याच्या वर बोअर नाही, तळ्यात साबण नाही. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग पेसा कायद्यात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा कायदा) येतो, तिथे ग्रामसभेच्या शब्दाला आणखी वजन आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ५ सुद्धा ग्रामसभेला जंगल, वन्यजीव आणि पाण्याचे उगम राखायचा अधिकार देतं.

शिवाय २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. ग्रामसेवकाकडे ती वही मागा आणि आपल्या देवाचं रान, झाडांची नावं, झरा, डोह असं सगळं त्यात नीट लिहून घ्या. याचा उपयोग होतो का, तर होतो, सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथे देवाच्या नावाने राखलेल्या राईत रानजायफळाची दुर्मिळ दलदल टिकून होती आणि तिला याच कायद्याखाली जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला.

तिसरं काम: पार मोकळा करा

तुमच्याही गावात पिंपळ-वडाच्या बुंध्याला सिमेंट चिकटलेलं असेल तर पहिली वर्गणी यालाच घाला, बाकीचं थांबू शकतं. पिंपळाच्या मुळांना हवा लागते आणि पाणी वरून मुरायला लागतं, पेव्हर ब्लॉक आणि गिलावा दोन्ही बंद करतो. बुंध्यापासून निदान पाच-सहा फूट चारी बाजूंनी सिमेंट काढायचं, आणि ते छिन्नी-हातोड्याने, हळूहळू. ब्रेकर मशीन लावू नका, मुळं फाटतात. आम्ही काढायला घेतलं तेव्हा गिलाव्याखाली मनगटाएवढं मूळ वर येऊन आडवं चपटं झालेलं दिसलं, जागा शोधत शोधत पाराच्या कडेपर्यंत गेलेलं, आणि त्याच्या टोकाला पांढरी कोवळी तुसं अजून जिवंत होती. तिथे काम करणारा पोरगा आपोआप हातोडा ठेवून हाताने माती काढायला लागला.

मोकळ्या जागेत माती आणि कुजलेलं खत भरा, पण बुंध्यावर माती चढवू नका, साल कुजते. कडेला दगडाची कोरडी रचाई करा, चुना-सिमेंट न घालता, म्हणजे पाणी झिरपतं आणि लोकांना बसायलाही होतं. प्रदक्षिणेच्या वाटेवर दगडी लाद्या फटी ठेवून टाका. दिवा आणि कापूर बुंध्याला चिकटून लावू नये, साल जळते आणि तिथूनच कीड शिरते, त्यापेक्षा चार फुटांवर एक दगडी दिवा बसवा. शनिवारचं तेल दगडावर, झाडाच्या बुंध्यावर नको. वटपौर्णिमेचा दोरा सुती असू दे आणि दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी सोडवून घ्या, नायलॉनचा दोरा वर्षानुवर्षं सालीत रुततो. आमच्या पिंपळाला दुसऱ्या पावसात खालून नवीन फुटवे आले, शेंडा मात्र गेला तो गेलाच.

चौथं काम: निर्माल्याचं खत

यावर जरा जास्त लिहितो, कारण खर्च कमी, फायदा लगेच दिसतो, आणि शहरातल्या सोसायटीच्या देवळातसुद्धा हे जसंच्या तसं करता येतं. ठाण्यात तलावांच्या काठी निर्माल्य कलश आहेत, पण गावात अजून निर्माल्य पिशवीसकट नदीत जातं. का जातं ते समजून घ्या. देवाला वाहिलेलं पायाखाली येऊ नये ही भावना आहे त्यामागे, आणि ती भावना बरोबर आहे. म्हणून खताची जागा देवळाच्या आवारातच पाहिजे, उकिरड्याच्या बाजूला ठेवलीत तर कोणी टाकणार नाही.

जागा देवळाच्या मागे, सावलीत, विहिरीपासून निदान पन्नास फूट लांब. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच असे दोन हौद करा, विटा फटी ठेवून रचायच्या, खाली फरशी नको, मातीच हवी, गांडुळं खालून येतात. वर पावसासाठी पत्रा. देवळात दोन टोपल्या ठेवा, एकीत फुलं, पानं, दुर्वा, बेल, तुळस, आणि दुसरीत बाकी सगळं: प्लास्टिक, अगरबत्तीचे पुडे, चुनरी, जरीची लेस, स्टेपलरच्या पिना. दूध, पंचामृत, प्रसादाचा भात हौदात घालू नका, उंदीर आणि वास दोन्ही येतात. नारळाच्या शेंड्या चालतात, करवंट्या वेगळ्या काढून चुलीला द्या.

हार सोडवणं हे खरं काम आहे. आमच्या गुरवीण मावशी रोज संध्याकाळी पायरीवर बसून हार मांडीवर घेतात, एका हाताने दोऱ्याचं टोक धरतात आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत फुलं धरून एका ओढीत सगळा हार मोकळा करतात, झेंडूच्या पाकळ्या परातीत पडतात आणि दोरा हातात उरतो. नायलॉनचा दोरा असला की मध्येच अडकतो आणि त्यांचं बोट कापतं. हे बघितल्यावर आम्ही जत्रेत हार विकणाऱ्यांशी बोललो आणि आता बरेच जण केळीच्या सोपटात नाहीतर सुती दोऱ्यात हार करतात.

भरायची पद्धत अशी: तळाला अर्धा फूट काटक्या आणि नारळाच्या शेंड्या, म्हणजे खालून हवा खेळते. त्यावर एक घमेलं फुलं, एक ते दोन घमेली सुका पाला, मूठभर जुनं खत किंवा चांगली माती, आणि शेणकाल्याचा शिडकावा. परत फुलं, परत पाला. आमचा पहिला हौद सडून घाण वास मारायला लागला होता कारण आम्ही नुसती फुलं भरली, सुका पाला घातलाच नाही, आणि सगळं गाव म्हणायला लागलं की देवळात मेलेलं काहीतरी आहे. तेव्हा पाला आधी जमवून पोत्यात भरून ठेवा, रस्त्याकडेचा, आंब्याखालचा, शाळेच्या मैदानातला, देवाच्या रानातला नको. श्रावणात निर्माल्य सगळ्यात जास्त आणि सुका पाला मिळतच नाही, म्हणून मार्चमध्येच पोती भरायची.

ओल किती हवी ते मुठीत दाबून बघा, लाडू वळला पाहिजे पण बोटांतून पाणी गळता कामा नये. पाणी गळलं तर पाला वाढवा, लाडू फुटला तर पाणी शिंपडा. दर आठ-दहा दिवसांनी एका हौदातलं वरखाली करा. आत लोखंडी सळई खुपसून पाच मिनिटांनी काढा, गरम लागली तर काम चालू आहे. थंडीत सकाळी ढीग उघडला की त्यातून वाफ निघते, लहान पोरांना ते बघायला फार आवडतं, त्यांना बोलवा. उन्हाळ्यात दीड-दोन महिन्यांत होतं, पावसात अडीच-तीन महिने धरा. बेलाची पानं चिवट, ती शेवटपर्यंत ओळखू येतात, चाळणीवर राहिली की परत नवीन हौदात टाका. झालेलं खत काळंभोर, भुसभुशीत असतं आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो.

बाजारच्या फुलांवर औषध मारलेलं असतं, म्हणून हे खत झाडांना आणि फुलझाडांना घाला, भाजीला नको. आणि शेवटची गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: खत कागदी पुडीत बांधून हनुमान जयंतीला प्रसादाबरोबर द्या. ज्या बाईच्या दारातली मोगरी देवाच्या खताने फुलली ती पुढच्या वेळी पिशवीसकट निर्माल्य टाकणार नाही आणि शेजारणीलाही टाकू देणार नाही.

पाचवं काम: झरा आणि तळं

आपल्या शेजारच्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसाची धरणं आहेत, मुंबई-ठाण्याला पाणी तिथून येतं, आणि त्याच तालुक्यातल्या वाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतो. पाऊस धो-धो पडतो पण डोंगरावरून धावत खाली जातो, थांबत नाही. जिथे देवाचं रान ओहोळाच्या उगमाशी राहिलं तिथे खालचा झरा इतरांपेक्षा उशिरा आटतो, हे गावातली कोणीही बाई सांगेल, कारण हंडा घेऊन तिलाच चालावं लागतं.

झऱ्यावर जेसीबी नेऊ नका. "जरा मोठा करू, पाणी वाढेल" म्हणून खणतात आणि झरा वाट बदलतो. त्याच्यावरच्या चढावर चर खणा, उताराला आडवे, दोन फूट रुंद, दीड-दोन फूट खोल, सलग न घेता तुकड्या-तुकड्याने. खणलेली माती खालच्या बाजूला टाकून तिच्यावर गवत लावा. धुण्यासाठी झऱ्याच्या खाली वेगळा कट्टा बांधून द्या, कारण "धुणं करू नका" म्हणून बायकांना नुसतं सांगणं बरोबर नाही, त्यांनी धुवायचं कुठे ते मंडळाने बघायला हवं.

तळ्याचा गाळ चैत्र-वैशाखात काढायचा. आधी वेळूच्या काठीवर फुटाच्या खुणा करून चार-पाच ठिकाणी गाळ मोजा. मऊ काळा गाळ काढा, पण खालचा घट्ट चिकणमातीचा थर लागला की थांबा, तोच पाणी धरतो, यंत्राने तो फोडला तर पुढच्या वर्षी तळं डिसेंबरातच आटतं. तळाला सिमेंट अजिबात नको. एक बाजू उताराची ठेवा म्हणजे गुरं आणि बगळे उतरतील. गाळ शेतकऱ्यांना द्या, आपापला ट्रॅक्टर आणून ते घेऊन जातात, सरकारची २०१७ पासूनची गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार योजना आहे तिचीही तालुक्याला चौकशी करा. आमच्याकडे अर्धा गाळ श्रमदानाने निघतो, सप्ताहाच्या आधी प्रत्येक घरातून एक माणूस एक दिवस, आणि दुपारचं पिठलं-भाकरी देवळाकडून.

देवाच्या डोहातले मासे न धरणं ही प्रथा असेल तर ती जीवापाड जपा. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे, वरदायिनी देवीचा डोह, तिथले महसीर मासे कोणी धरत नाही, लोक त्यांना खायला घालतात, आणि म्हणून ते तिथे टिकलेत. नवी मुंबईतल्या कोळीवाड्यांनाही हे नवीन नाही, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी काढायची नाही ही रीत म्हणजे मासळीच्या विणीच्या दिवसांत जाळं बंद, आणि आता सरकारी बंदीही १ जून ते ३१ जुलै असतेच.

गणपतीचं थोडक्यात: देवाच्या तळ्यात पीओपीची मूर्ती जाऊ देऊ नका, आणि शाडूच्याही शंभर मूर्ती एका लहान तळ्यात गेल्या की तळ भरतो. काठावर ताडपत्रीचा हौद करा, तळ्याचं पाणी त्यात घ्या, तिथे विसर्जन करा, माती खाली बसली की सुकवून मूर्तिकाराला परत द्या.

सहावं काम: झाडं कोणती आणि कधी

गुलमोहर, निलगिरी, शोभेचा पाम असलं काही देवाच्या जागी नको. आपल्याकडे यादी आधीच आहे, पूजेतच आहे. गणपतीच्या एकवीस पत्री घ्या: माका, बेल, बोर, धोत्रा, तुळस, शमी, आघाडा, डोरली, कण्हेर, रुई, अर्जुन, विष्णुक्रांता, डाळिंब, मरवा, पिंपळ, जाई, केवडा, अगस्ती, मालती, दुर्वा, आणि देवदार. देवदार हिमालयातला, तो सोडा, बाकी बहुतेक सगळं आपल्याकडे येतं. देवळामागे पत्रीची बाग केली तर गावाला हरतालिकेला बाजारात जावं लागत नाही आणि शाळेतल्या मुलांना झाडं ओळखायला येतात. जागा मोठी असेल तर नक्षत्रवन करा, रोहिणीचं जांभूळ, कृत्तिकेचा उंबर, पूर्वाचा पळस, मघाचा वड, चित्राचा बेल, रेवतीचा मोह. ज्याचं नक्षत्र त्याने ते झाड दत्तक घ्यायचं, माणसं स्वतःच्या नक्षत्राच्या झाडाला विसरत नाहीत.

खड्डे अक्षय्य तृतीयेला खणून ऊन खाऊ द्या, लागवड वटपौर्णिमेच्या सुमाराला पाऊस बसला की. वडाचं रोप विकत घ्यायची गरज नाही, मनगटाएवढी जाड, सहा-सात फुटांची फांदी पावसाच्या तोंडावर दीड-दोन फूट खोल पुरली की फुटते, आणि तिची उंची बकरीच्या तोंडाच्या वर असते हा मोठा फायदा. त्या एका फांदीपायी पूजेला घरोघर फांद्या तोडणं थांबवता येतं, कारण झाडाखाली जाऊन पूजा करायची हीच मूळ रीत आहे. बेलाचं बी फळाच्या चिकट गरातून धुऊन काढा आणि लगेच पिशवीत लावा. देवळाच्या कळसावर, भिंतीत पिंपळ उगवतो तो भिंत फोडतो आणि तोडायला कोणी धजत नाही, तर भर पावसात, देवाला सांगून, दगडाच्या फटीतून मुळासकट हळू काढा, पिशवीत लावून वर्षभर जगवा आणि गावाबाहेर लावा. आमच्या गावच्या शाळेजवळचा पिंपळ असाच मारुतीच्या शिखरावरून आलाय.

काटेरी कुंपण पहिली तीन वर्षं हवंच, करवंदीच्या किंवा बोरीच्या फांद्या चालतात. पाणी घालायची पाळी देवळाच्या पूजेच्या पाळीला जोडा, ज्या घराची पूजा त्या घराचं पाणी. दसऱ्याला आपट्याच्या फांद्या ओरबाडू नका, एकाने एकच पान द्यायचं, आणि एक आपटा देवळासमोर लावा.

महाप्रसादाला थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी कुठे कुठे दिसतात. पळस आपल्या रानात भरपूर, बचत गटातल्या बायकांना दोन महिने आधी पत्रावळ्या-द्रोणांची ऑर्डर द्या, आगाऊ पैसे देऊन. नंतर त्या पत्रावळ्या गुरांना किंवा खताच्या हौदात.

सातवं काम: वणवा, वाघ आणि होळी

राई लावायला पन्नास वर्षं लागतात आणि फेब्रुवारीतल्या एका दुपारी जळून जाते. पौषात, आमच्या तालुक्यातल्या म्हसाच्या यात्रेवरून माणसं परत आली की, राईच्या कडेने दहा फूट रुंद पट्टा गवत कापून साफ करायचा, म्हणजे बाहेरची आग आत येत नाही. कापलेलं गवत गुरांना. हा पट्टा आम्ही पालखीच्या वाटेलाच जोडलाय, पालखी जिथून फिरते ती वाट साफ करावीच लागते, तर तीच वाट राईला वळसा घालून नेली. सगळ्यात मोठा आणि सोपा बदल हाच झाला असं मला वाटतं.

वाघबारस अजून आपल्या ठाकर, महादेव कोळी, वारली वाड्यांवर होते, दिवाळीच्या आधी वाघदेवाला नैवेद्य देतात की गुरांना सांभाळ. त्या दिवशी वाडीवर जा, नुसतं बसा आणि ऐका. बिबट्या दिसला की घाबरून फटाके, दगड, मोबाईल घेऊन पळणाऱ्या पोरांना त्या म्हाताऱ्या माणसांशेजारी बसवा. त्यांना त्या जनावराच्या वाटा माहीत असतात आणि त्याच्याबद्दल राग नसतो.

होळीसाठी कोकणात सावरीचं झाड तोडायची रीत बऱ्याच ठिकाणी आहे. नेमकी त्याच दिवसांत सावर फुललेली असते, लाल फुलांनी भरलेली, आणि सकाळी तिच्यावर साळुंख्या, बुलबुल, कावळे, खारी सगळे रसाला येतात. तर सावर तोडणार असाल तर आधी एका सकाळी सहा वाजता तिच्याखाली अर्धा तास उभे राहून बघा. आम्ही आता पूर्ण गावाची एकच होळी करतो, मधे एरंडाची फांदी, भोवती गोवऱ्या आणि वाळलेल्या, आपोआप पडलेल्या फांद्या, त्याही देवाच्या रानातल्या नाहीत.

वहीचं शेवटचं. सुरुवातीला जी वही केलीत ती कपाटात ठेवू नका, देवळात घंटेच्या बाजूला खिळ्याला टांगा, पावसात ओली होते म्हणून जाड पिशवीत. प्रत्येक तिथीला काय झालं ते ज्याने केलं त्याने लिहायचं, अक्षर कसंही असू दे. झरा कोणत्या तारखेला आटला, गाळ किती घमेली निघाला, कुठलं रोप मेलं, कोणी पाणी घातलं नाही. आमच्या वहीत पहिल्या वर्षी झऱ्याची नोंद आहे १९ एप्रिल. गेल्या वर्षी गुरवकाकांनी लिहिलंय, ७ मे, अजून कळशी भरते, हळू.